फळीची मागची बाजू

आर्विद,
तुझी मासेमारीची खोपी मी मोडली.
सांगून मोडणार होते, पण फोनवर तू
नुसता उन्हाचा आकडा सांगतोस
आणि मागे तुझी नवी बायको
ग्लासातला बर्फ किणकिणवत असते.

तू मेला नाहीस. ॲरिझोनाला गेलास.
मेलेल्या भावाच्या वस्तू कशा आवरायच्या
हे मिनेसोटात सगळ्यांना ठाऊक आहे:
चर्चच्या बायका झाकलेली भांडी घेऊन येतात,
खोकी भरू लागतात.
ॲरिझोनाला गेलेल्या भावासाठी
कुणी काही शिजवून आणत नाही.

चार हिवाळे ती माझ्या गॅरेजमागे उभी होती,
तळं गोठलं तरी तळ्यावर न गेलेली.
खारींनी आत संसार थाटला होता.

आणि इकडे न्हाणीघरातला आरसा.
घर बांधणाऱ्याने लावून दिलेला, उघडाबोडका,
प्लास्टिकच्या चार चापांवर तोललेला.
खालच्या कडेला वाफेने पारा खाल्लेला,
रोज सकाळी माझी हनुवटी
त्या काळ्या डागात बुडायची.
बेव्हर्ली म्हणाली, नवा घे.
मी म्हटलं, आरसा धड आहे गं,
त्याला काठ नाही, एवढंच.

देवदाराच्या चार फळ्या निवडल्या.
रंधा मारला तशी
तीस हिवाळ्यांची कॉफी, रॉकेल आणि मासळी
भुशातून उठून बसली.
चापांसाठी मागून खाच पाडली.
पंचेचाळीस अंशांत टोकं कापली.
तीन कोपरे जुळले. चौथ्यात नखाएवढी फट.

हार्डवेअरवाला लायल म्हणाला,
फळीला बोल लावू नकोस, मार्लिस,
भिंतच काटकोनात नाही. पुट्टी भर.
आणि हो, मागची बाजूही रंगव.
माणसांना ती दिसत नाही, आरशाला दिसते,
आणि आरसा
पोटात काही ठेवत नाही.

डबा उघडला, फळ्या पालथ्या घातल्या.
डावीच्या कडेला पेन्सिलच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
तुझं खातं.
कुठे साल नाही, वजन नाही,
नुसती मोजणी, तुझ्या बोलण्यासारखी.

खालून तिसऱ्या ओळीत मात्र
एका रेघेच्या जागी एक अक्षर. एम.

तो वॉलाय, आर्विद.
माझ्या कोपराएवढा.
थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तू चाळीस वर्षं
ज्याची गोष्ट सांगत आलास,
गळ तुझा, ओढ तुझी,
मी फक्त शेजारी बसून मोजे वाळवत होते.
सगळे हसायचे. मीही हसायचे.
पुढे पुढे मलाही खरंच वाटायला लागलं
की मी मोजेच वाळवत होते.

ब्रश हातात घेऊन किती वेळ उभी होते
कोण जाणे. रंगावर साय धरली.

तीन फळ्या रंगवल्या, मागूनपुढून.
चौथी फक्त पुढून.
गोंद लावला, निळ्या टेपच्या पट्ट्यांनी
रात्रभर काचेवर धरून ठेवली.
उजाडता उजाडता दोनदा उठून पाहिलं,
ताप आलेल्या पोराला पाहावं तसं.

पाहुण्यांना काही कळत नाही.
बेव्हर्लीला पुट्टी दिसली, बोलली नाही.
पण दात घासताना मी डावीकडे वाकले की
फळी आणि काच यांच्यातल्या जवभर फटीत
तुझं खातं उलटं दिसतं.
एम तेवढं उलटत नाही.
ते अक्षर आरशातही सरळच राहतं.

काल तुझा फोन आला. एकशे आठ, म्हणालास,
सावलीत.
मी म्हटलं, इथे कालपासून पाऊस आहे.
खोपीचं विचारलं नाहीस.
मी माशाचं विचारलं नाही.
म्हटलं,
आरशाला काठ आलाय,
कधी आलास तर
दाढी तिथेच कर.